पाचव्या टीमची बारावी निवड

माझं पोट वेल्डिंगवर चालत असे. म्हणजे वेल्डिंग दुसरे करत आणि मी त्यातली खोट काढत असे. सिंगापूरच्या पश्चिम टोकाला, तुआसला, जहाजदुरुस्तीच्या एका यार्डात मी इन्स्पेक्टर होतो. हातात टॉर्च आणि खिशात तीन रंगांच्या चिठ्ठ्या. हिरवी म्हणजे पास, पिवळी म्हणजे पुन्हा करा, लाल म्हणजे काढून टाका. दिवसभर लोकांच्या कामाला चिठ्ठ्या लावल्यावर घरी येऊनही हात थांबत नसे. एकदा बायकोच्या आमटीला मी तोंडी पिवळी चिठ्ठी लावली. त्यानंतर आठवडाभर घरात आमटी झाली नाही, आणि त्या विषयावर मी पुन्हा तोंड उघडलं नाही.

म्हणून आमच्या हॉकी लीगला जेव्हा एका परीक्षकाची गरज पडली तेव्हा सगळ्यांनी एकमुखाने माझं नाव घेतलं. मला तो बहुमान वाटला. बायको म्हणाली, "अहो, खवचट माणूस शोधत होते, सापडला."

लीग म्हणजे फार काही नव्हतं. पुण्याच्या खडकीत किंवा कॅम्पात लहानपणी हॉकीची काठी धरलेली आणि नंतर नोकरीपायी सिंगापूरला येऊन पडलेली काही मराठी माणसं रविवारी सकाळी जमत. आधी दोन टीम होत्या, मग चार झाल्या. पूर्व, पश्चिम, उत्तर आणि मध्य. दक्षिणेला समुद्र असल्यामुळे तिथली टीम निघाली नाही. अर्धं मैदान, एका बाजूला सात जण, आणि एकेका टीमच्या यादीत चौदा नावं. चौदा अशासाठी, की कुणाची पाठ, कुणाचा गुडघा आणि कुणाची सासू दर रविवारी आडवी येई.

मी पश्चिमेचा, चोआ चू कांगला राहणारा. जागा राइट बॅक. नऊ वर्षं खेळलो आणि नऊ वर्षांत एकही गोल केला नाही. बॅकचं काम गोल करणं नसतंच, असं मी सांगत असे, आणि ऐकणारे मान डोलवत. पण बॉलची पिशवी माझ्याकडे असे. ती खांद्याला लावून मी रविवारची पहिली एमआरटी, म्हणजे तिथली मेट्रो, पकडत असे आणि तीस बॉल मांडीवर घेऊन बसत असे. समोरच्या म्हाताऱ्या चिनी बाई दर वेळी त्या पिशवीकडे बघून पाय आत घेत.

आमच्या टीमचा कॅप्टन माझ्या समोरच्या ब्लॉकमध्ये राहायचा. तो सिंगापूरला आला तेव्हा विमानतळावर त्याला घ्यायला मी गेलो होतो. फ्लॅट मिळेपर्यंत तीन आठवडे तो आमच्या हॉलमध्ये झोपला. त्याच्या हातात हॉकी दिली ती मी, आणि दोन वर्षांत तो माझा कॅप्टन झाला, ह्याचंही मला वाईट वाटलं नाही, कारण तो खरोखरच चांगला खेळायचा. त्याच्या घराची जादा किल्ली आमच्या फ्रीजला लटकलेली असे आणि आमची त्याच्या. मला सख्खा भाऊ नाही. तो आल्यावर ही गोष्ट मी कुणाला सांगायचं सोडून दिलं होतं.

सार्सची साथ येऊन गेल्यावर दोन-तीन वर्षांत आयटीवाल्या पोरांचा लोंढा आला. लीगची वेटिंग लिस्ट वाढत वाढत दोन पानांवर गेली, आणि सेक्रेटरींनी पाचवी टीम काढायचं ठरवलं. सेक्रेटरी सिंगापूरला यायच्या आधी आठ वर्षं कॅनडात होते. तिथली बर्फावरची हॉकी त्यांच्या डोक्यातून वितळली नव्हती.

"तिकडे नवी टीम आली की नुसती नवी पोरं घेऊन उभी करत नाहीत," ते म्हणाले. "जुन्या टीमनी आपले ठरावीक खेळाडू राखून ठेवायचे. बाकीचे उघडे. नव्या टीमच्या मॅनेजरने त्या उघड्यांतून निवड करायची. व्हेरी फेअर सिस्टीम."

नियम असा ठरला: प्रत्येक कॅप्टनने चौदातले नऊ राखायचे. उरलेल्या पाचांतून पाचव्या टीमने तीन उचलायचे. चार टीमचे मिळून बारा. पाचव्या टीमच्या उरलेल्या जागा आणि जुन्या टीमच्या रिकाम्या झालेल्या जागा वेटिंग लिस्टमधून भरायच्या. कुणाला राखलं आणि कुणाला उघडं ठेवलं, ते कॅप्टन, सेक्रेटरी आणि नवी मॅनेजर एवढ्यांनाच ठाऊक. निवड झाली आणि ज्याला जायचं नसेल, त्याने पहिल्या सामन्याची शिटी वाजायच्या आत नकार द्यायचा. आणि ह्या निवडीचं परीक्षण मी लिहून सगळ्यांना ई-मेलने पाठवायचं.

मॅनेजर म्हणून मरीन परेडच्या एक बाई नेमल्या गेल्या. सगळे त्यांना मॅडम म्हणत. कॉलेजात त्या हॉकी खेळलेल्या, पुढे कंबर धरली म्हणून खेळणं सुटलं. पण गेली कित्येक वर्षं मैदानाच्या कडेला खुर्ची टाकून लीगची हजेरी आणि गोल त्याच लिहीत. नोकरी एका शिपिंग कंपनीत. कुठल्या जहाजावर कोणता खलाशी कधी चढवायचा, ते बघायचं काम. बोलणं मोजकं. मला त्यांचा थोडा धाक वाटायचा, म्हणून त्यांची निवड तपासायला मिळणार ह्याचा फार आनंद झाला.

एका शनिवारी दुपारी मरीन परेडलाच सेक्रेटरींच्या कॉन्डोच्या खालच्या हॉलमध्ये सगळे जमलो. बटाटेवडे होते. मी यार्डातल्यासारखाच तक्ता करून नेला होता: बारा ओळी, निवड, शेरा, रंग. शेजारी माझा कॅप्टन बसला होता. मी त्याला कानात म्हटलं, "बघ आता एकेकाची कशी सालं काढतो." तो म्हणाला, "वडा खा, गार होईल." तेव्हाच मला समजायला हवं होतं, पण वडा खरंच चांगला होता.

मॅडम उभ्या राहिल्या आणि नावं वाचू लागल्या. पहिलं नाव उत्तरेच्या गोलकीपरचं. ह्या माणसाचा डावा गुडघा वाकत नव्हता. उजव्या बाजूला आलेला बॉल तो अडवी, डाव्या बाजूच्या बॉलला शिव्या देई. मी लिहिलं: "अर्धा गोलकीपर. लाल." दुसरं नाव पूर्वेच्या एका बँकवाल्याचं. हा इस्त्री केलेले मोजे घालून येई आणि अंपायर आला नाही की शिटी घेऊन स्वतःच अंपायर होई. त्याला खेळताना मी वर्षभरात दोनदा पाहिलं असेल. "खेळाडू की फर्निचर? लाल." मग मध्य टीमचा एक सद्‌गृहस्थ, जो प्रथमोपचाराची पेटी घेऊन कडेला बसे आणि मैदानात यायची वेळ आली की दुसऱ्याला पुढे करी. "पेटी घ्यायची होती, माणूस कशाला घेतला? लाल." मग आमच्या पश्चिमेचा राखीव गोलकीपर. मी कॅप्टनकडे बघून हसलो. बरी ब्याद गेली.

अकरा नावं झाली. माझ्या तक्त्यात नऊ लाल आणि दोन पिवळ्या. एकही गोल करणारा नाही, एकही पळणारा नाही. बाईंनी चार टीमची अडगळ साफ करून दिली होती. बारावं नाव पश्चिमेतून यायचं होतं. मला आता नाव ऐकायचीही गरज वाटेना. मी आधीच लिहून टाकलं: "पुन्हा तेच. जुना माल. लाल."

आणि मॅडमनी माझं नाव वाचलं.

हॉलमध्ये कुणीतरी टाळी वाजवली आणि एकट्याचीच आहे हे लक्षात आल्यावर थांबवली. मी कॅप्टनकडे पाहिलं. तो वड्यातली मिरची शोधत होता. माझ्या पुढ्यात माझ्याच हस्ताक्षरात माझा शेरा लिहिलेला होता आणि शाई अजून ओली होती.

भांडण झाल्यावर माणसाने पाय आपटत निघून जावं, अशी रीत आहे. पण आम्हा दोघांना एकाच ठिकाणी जायचं होतं. मरीन परेडहून बस, मग एमआरटी, जुराँग ईस्टला गाडी बदलून चोआ चू कांग. सव्वा-दीड तासाचा प्रवास. पाय आपटायला जागा नव्हती आणि गर्दी अशी की शेजारी शेजारीच बसावं लागलं. जुराँग ईस्टपर्यंत मी खिडकीबाहेर बघत होतो. अर्धा वेळ बाहेर बोगदा होता.

गाडी बदलल्यावर तो म्हणाला, "रागावलास?"

"नाही. नऊ वर्षं झाली, जुना माल आहे. उघडा ठेवला, बरं केलंस."

"अरे, ऐक तर. जागा नऊच. तीन आयटीवाली पोरं परवा आलीत. त्यांना बाहेर ठेवलं असतं तर काय वाटलं असतं? बोलावून आणलं आणि पानावरून उठवलं, असं झालं असतं. आपल्या टीममधल्या डॉक्टरला नाही राखलं तर त्याची बायको बोलणार. तू तर घरचाच. लग्नात घरची माणसं शेवटच्या पंगतीलाच बसतात ना?"

"बसतात. पण शेवटच्या पंगतीपुरती जिलबी उरली आहे की नाही, तेवढं बघणारा कुणीतरी असतो."

"मला काय स्वप्न पडलं होतं, ती तुला घेईल म्हणून? मला वाटलं, तुला कोण घेणार!"

हे तो समजूत घालायला म्हणाला होता. खरंच सांगतो, त्याच्या चेहऱ्यावर नुसती काळजी होती. मी उठलो आणि दारापाशी जाऊन उभा राहिलो. तीन स्टेशनं उभा होतो. चोआ चू कांगला उतरल्यावर तो मागून म्हणाला, "नकार देऊन टाक म्हणजे झालं. नियम आहे. इतकं काय त्यात?"

घरी सांगितलं तर बायको म्हणाली, "बरोबर केलं त्याने. तुम्हाला हॉकी येते कुठे?" आणि मग माझं तोंड पाहून भाजी ढवळत म्हणाली, "पण सांगायला हवं होतं आधी." आमची मुलगी तेव्हा बारा वर्षांची होती. तिने वहीतून डोकं वर न काढता तिथल्या शाळकरी इंग्रजीत निकाल दिला: "बाबा, ही नेव्हर प्रोटेक्ट यू, लाह. बट समबडी वॉन्ट यू, वॉट. सो ओके." मला त्यातलं पहिलं वाक्य झोपेपर्यंत पुरलं. दुसरं ऐकू यायला आठवडा लागला.

परीक्षण लिहायला बसलो. मनात राग कॅप्टनचा होता, पण कागदावर मॅडम सापडल्या होत्या. वड्याचं तेल वांग्यावर काढायचं, हे मी फार शिस्तीत करतो. आणि माझ्या धंद्यात लाल चिठ्ठी लावायची तर कारण लिहावं लागतं. तेव्हा कारणं गोळा करायला मी निवडलेल्यांना एकेक फोन लावला.

उत्तरेच्या गोलकीपरला विचारलं, "तुमच्या कॅप्टनने तुम्हाला राखलं नाही, ते गुडघ्यामुळे का?"

"छे हो. तो म्हणाला, नवीन पोरांना राखायला हवं, तू काय घरचाच. त्याच्या मुलीच्या बारशाचा पाळणा मी बांधलाय." आणि वर म्हणाला, "बर्फाची पेटी आता कोण आणणार, हाच प्रश्न आहे त्यांचा."

पूर्वेच्या बँकवाल्याला फोन लावला. "आमचा कॅप्टन माझा चुलतमेव्हणा," तो म्हणाला. "म्हणाला, पाहुण्यांना नाराज कसं करणार? तुझं काय, तू घरचा."

मध्यच्या पेटीवाल्या गृहस्थांना फोन लावला तेव्हा मी प्रश्नही नीट विचारला नाही. नुसतं म्हटलं, "घरचा?" मग ते म्हणाले, "तुम्हीसुद्धा?"

मी फोन ठेवला आणि तक्ता पुढे ओढला. चार कॅप्टन, चार वेगवेगळ्या टीम, एकमेकांशी धड बोलणंही नाही. आणि चौघांनी एकच चूक केली होती. कॅनडात म्हणे राखताना आधी आपलं हुकमी माणूस राखतात. आमच्याकडे चौघांनी आधी पाहुणे राखले होते. ज्याला वाईट वाटेल तो आत, ज्याला वाईट वाटलं तरी जो बोलणार नाही तो बाहेर. मॅडमच्या हातात त्या चार याद्या आल्या आणि त्यांनी प्रत्येक टीमच्या स्वयंपाकघरातली माणसं उचलून नेली. बर्फाची पेटी, शिटी, प्रथमोपचार, मैदानाचं बुकिंग करणारा, सगळ्यांना आदल्या दिवशी फोन करणारा, आणि बॉलची पिशवी.

मी लाल चिठ्ठ्या खोडल्या नाहीत. पण शेऱ्याची जागा रिकामी केली. एक दिवस बघू म्हटलं.

पाचव्या टीमच्या पहिल्या सरावाला गेलो, तो परीक्षक म्हणून, असं मी घरी सांगितलं. बायको म्हणाली, "मग बूट कशाला नेताय?" मी म्हटलं, गवत ओलं असतं. आमचं मैदान कृत्रिम गवताचं होतं, हे तिलाही माहीत होतं.

असा सराव मी जन्मात पाहिला नाही. बारा माणसांत पाच बर्फाच्या पेट्या, चार प्रथमोपचाराच्या आणि बॉलच्या तीन पिशव्या आल्या होत्या. बारा जणांनी शंकू मांडले, बाराच जणांनी ते उचलले. पाण्याची पहिली बाटली "तुम्ही घ्या," "नाही, आधी तुम्ही," करत सगळ्या रांगेतून फिरली आणि न उघडता परत पेटीत गेली. खेळ सुरू झाल्यावर तर कहर झाला. गोलसमोर बॉल आला की प्रत्येक जण तो दुसऱ्याला देई. "तू मार." "अरे, तूच मार." तेवढ्यात दुसरी बाजू येऊन बॉल घेऊन जाई, आणि तीही पलीकडे जाऊन तेच करी. तासाभरात एक गोल झाला, तोही एकाचा पाय घसरला म्हणून.

मी तक्ता काखेत मारून मॅडमच्या खुर्चीपाशी गेलो. म्हटलं, "मॅडम, परीक्षक म्हणून विचारतो. गोल कोण मारणार ह्यात?"

"वेटिंग लिस्टवर वीस पोरं आहेत," त्या म्हणाल्या. "वीसही जणांना गोल मारायचाय. ती आणता येतात."

"मग आम्हाला का घेतलं?"

त्यांनी हजेरीचं पुस्तक उघडलं आणि माझं पान काढलं. त्यात माझ्या नावापुढे हजेरीच्या खुणा होत्या, ओळीच्या ओळी, आणि शेवटच्या रकान्यात गोल: शून्य, शून्य, शून्य.

"इतकी वर्षं, एवढे रविवार," त्या म्हणाल्या. "आईला आणायला मुंबईला गेलात तेवढे दोन चुकले. गोल एकही नाही. तरी जो माणूस येतो, त्याला मी जहाजावर आधी चढवते. हुशार माणूस मला कुठल्याही बंदरात मिळतो हो."

स्तुती आणि अपमान एकाच ताटात वाढलेले मी पहिल्यांदाच पाहिले. पण मला आनंद झाला, हे लपवून काय उपयोग. यार्डात मी हजारो जोड तपासले असतील. मला तपासून कुणी हिरवी चिठ्ठी लावली नव्हती. त्या दुपारी घरी येऊन मी अकरा ओळींचं परीक्षण नव्याने लिहिलं आणि पाठवून दिलं. "गोल होणार नाहीत," असं लिहिलं, "पण जुन्या चार टीमना रविवारी प्यायला पाणी मिळतं का, ते बघावं." बाराव्या ओळीत लिहिलं, "तपासणी चालू." नकार मी अजून दिला नव्हता आणि होकारही नाही.

पहिला सामना नेमका पाचवी विरुद्ध पश्चिम. रविवारी सकाळी सहाला फोन वाजला. कॅप्टन होता. आठवडाभरात आम्ही बोललो नव्हतो.

"पिशवी कुठाय?"

"माझ्याकडे. आणतो."

"बरं." मग कागद चाळल्याचा आवाज आला. "सगळ्यांना फोन कोण करायचं रे आपल्यात? सात जण तरी येतायत की नाही, मला काहीच कळत नाहीये."

"तो गेला पाचवीत."

"अरे देवा," तो म्हणाला.

मैदानावर पोचलो तेव्हा तो फाटकाशीच उभा होता. हातात पश्चिमेचा निळा शर्ट, माझ्या नंबरचा, इस्त्री केलेला. त्याने आयुष्यात कशाला इस्त्री केलेली मी पाहिली नव्हती. मी पिशवी त्याच्याकडे दिली. ती कशी धरायची, हे त्याला माहीत नव्हतं, म्हणून पट्टा खांद्यावर कसा घ्यायचा ते दाखवलं.

"घाल," शर्ट पुढे करत तो म्हणाला. "पुरे झाला रुसवा."

त्या क्षणी मला तो शर्ट हवा होता. फार हवा होता. पण मी धंद्याने इन्स्पेक्टर; चिठ्ठी लावायच्या आधी एकदा ठोकून बघतोच.

"पुढच्या वर्षी सहावी टीम निघाली," मी विचारलं, "तर मला राखशील?"

दुसरा कुणी असता तर "अर्थात" म्हणाला असता. पण तो माझ्याशी कधी खोटं बोलला नव्हता. त्याने खरोखर विचार केला. बोटांवर काहीतरी मोजलं. मग म्हणाला, "नऊच जागा असतील तर... कठीण आहे. पण अरे, तू कुठे जाणार आहेस?"

तिकडे बँकवाल्याने अंपायरची शिटी तोंडाला लावली होती. मॅडम पुस्तक उघडून नावं घेत होत्या. माझं नाव आलं. त्यांनी मान वर केली नाही, घाई केली नाही, नुसतं पेन थांबवलं.

मी म्हटलं, "हजर."

शिटी वाजली.

सामना कसा झाला, ते सांगावं की नाही ह्याचा मी बराच विचार केला. आम्ही हरलो, एक-शून्य. वेटिंग लिस्टमधल्या आमच्या दोन पोरांनी गोलवर बरेच फटके मारले, पण सगळे बाहेर. मग शेवटच्या पाच मिनिटांत माझ्या जुन्या कॅप्टनने आमच्या गोलसमोरच्या डीमध्ये घुसून एक फटका मारला. तो गोलच्या हातभर बाहेर जात होता. मी सोडून दिला असता तर गेलाही असता. पण नऊ वर्षांची सवय. मी काठी घातली, बॉल काठीला लागून वळला आणि आमच्या अर्ध्या गोलकीपरच्या डाव्या बाजूने आत गेला. पश्चिमेसाठी मी नऊ वर्षांत गोल केला नव्हता; पश्चिम सोडल्यावर सत्तर मिनिटांत केला. सगळं मैदान हसत होतं. नियमाप्रमाणे तो गोल कॅप्टनच्या नावावर लागला. हजेरीपुस्तकात माझ्या रकान्यात पुन्हा शून्यच राहिलं.

सामन्यानंतर खाणं यजमान टीमचं असे. त्या दिवशी यजमान पश्चिम. म्हणजे माझ्या आणि कॅप्टनच्या बायकोने मिळून केलेली मिसळ. पायऱ्यांवर छपराखाली पातेली मांडली होती. पाचवीचे बाकीचे अकरा जण आणि नवी पोरं एका ओळीत बसली होती, पण अकरा जणांचा एकही पाय स्वस्थ नव्हता. दर मिनिटाला कुणीतरी "पाणी मी देतो," म्हणून उठे आणि कुणीतरी त्याला खाली बसवी.

मी सवयीने पातेल्यापाशी गेलो. नऊ वर्षं पश्चिमेची मिसळ मीच वाढत आलो होतो. दोन्ही टीमची पानं झाली की तळाचा गार रस्सा आणि फरसाणचा चुरा घेऊन मी आणि कॅप्टन मागच्या पायरीवर बसायचो. गोल कुणी कसा घालवला, ह्यावर तिथे जे बोलणं व्हायचं, तेवढ्यासाठी मी त्या तीस बॉलांचं ओझं वाहत होतो, हे मला तोपर्यंत नीट कळलेलं नव्हतं. मी डाव उचलला.

कॅप्टनने तो माझ्या हातातून काढून घेतला.

"ठेव," तो म्हणाला. "तू आज पाहुणा. बस तिकडे."

आवाजात राग नव्हता. टोमणाही नव्हता. पाहुण्याशी बोलावं तसा तो नीट बोलला. माझी बायको पाव कापत होती. तिने एकदा आमच्याकडे पाहिलं आणि पुन्हा पावाकडे. मी जाऊन ओळीत बसलो. त्याने पहिलं ताट माझ्यापुढे ठेवलं. मटकी भरपूर, फरसाण कुरकुरीत, वर लालभडक तर्री, आणि इतकी गरम की वाफ चष्म्यावर आली. ते एका दृष्टीने बरंच झालं. मी चष्मा काढून पुसायला लागलो आणि पुसतच राहिलो. मला वाईट वाटत होतं. मला हवं होतं ते सगळं मिळालं होतं, पहिली पंगत, पहिलं ताट, आणि मला उठून मागच्या पायरीवर जायचं होतं.

तो सगळ्यांना वाढून पुन्हा माझ्यापाशी आला, हातात पावाची टोपली घेऊन.

"अजून घे," तो म्हणाला. "लाजू नकोस."

लाजू नकोस, असं तो मला इतक्या वर्षांत कधी म्हणाला नव्हता. मी आणखी एक पाव घेतला आणि थँक्यू म्हटलं.